पाऊस पडेपर्यंत चोरलेला संत

मी एक जुना लाकडी संत आहे. उंची दीड वीत, रंग उडालेला, नाकाचा शेंडा झिजलेला. आत्ता मी एका सिमेंटच्या टाकीत, झाकणाखालच्या आकड्याला, पिठाच्या पिशवीत घालून टांगलेला आहे. संताने असे लटकत राहणे बरे दिसत नाही, हे मलाही कळते. पण मित्रांनो, मी इथे आपण होऊन आलो नाही. मला चोरून आणले आहे. जिने चोरले तिच्यावर माझा राग नाही. उलट तिची फार आठवण येते.

माझे नाव संत जोझे. बाळ येशूला लहानाचा मोठा करणारा तो सुतार योसेफ, तोच मी. म्हणजे मी त्याची मूर्ती. पण ज्या लोकांत माझे आयुष्य गेले त्यांनी हा फरक कधी केला नाही, म्हणून मीही करत नाही.

ब्राझीलच्या सेर्ताव नावाच्या कोरड्या मुलखात बराउना हे आमचे गाव. तिथे तिबुर्सियो नावाचा एक माणूस बैलांची जोखडे आणि खोगिरांचे सांगाडे घडवायचा. मुलीच्या लग्नात द्यायला त्याच्याकडे दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने टेकडीवरून उंबुरानाची एक फांदी आणली. उंबुरानाचे लाकूड मऊ असते आणि त्याला गोड वास येतो. त्या फांदीतून त्याने मला कोरले. जोखडे घडवणारा हात तो, त्यामुळे माझे खांदे दणकट झाले आणि कान चेहऱ्याच्या मानाने भलतेच मोठे झाले.

"बाबा, कान केवढे केलेस रे याचे? ससा वाटतोय," मुलगी हसून म्हणाली. तिचे नाव क्वितेरिया.

"असू देत. मागणारे फार असतात त्याच्याकडे. ऐकू तरी नीट यावं," तिबुर्सियो म्हणाला.

लाकूड थोडे अपुरे पडले होते. म्हणून माझ्या डाव्या हातावरचे बाळ त्याने वेगळ्या तुकड्यातून कोरले आणि लहानशी खुंटी मारून बसवले. अंगठ्याएवढे पोर ते. पण त्याच्या वजनाने माझा हात भरल्यासारखा वाटायचा. या खुंटीची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे सुखदुःख तिच्याशी बांधलेले आहे.

क्वितेरियाच्या घरात मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक छोटा देव्हारा मिळाला. सकाळी कॉफीचा वास, दुपारी चवळी आणि कसावा नावाच्या कंदाचे पीठ, संध्याकाळी मक्याचा वाफवलेला कुसकुस. मला कोणी काही खायला दिले नाही, पण बोलणी सगळी माझ्यासमोर व्हायची. क्वितेरिया चूल फुंकता फुंकता माझ्याशी भांडायची सुद्धा. "दूध नासलं, बघत काय बसलास?" असे म्हणायची. ते दिवस फार चांगले होते.

आता माझ्या कामाविषयी सांगतो. आमच्याकडे पाऊस लांबला की संत जोझेची मूर्ती चोरायची रीत आहे. एकोणीस मार्च हा माझा दिवस. तोपर्यंत पेरणीजोगा पाऊस झाला नाही, तर शेजारपाजारच्या कुणीतरी मला मालकिणीच्या घरातून पळवायचे आणि लपवून ठेवायचे. घरापासून दूर पडलेला संत परत जाण्यासाठी स्वर्गात खटपट करील आणि पाऊस पाठवील, असा त्यामागचा हिशेब. पाऊस आला की चोराने मला फुलांनी सजवायचे आणि ढोल-पावा वाजवत, मेणबत्त्या लावून वाजतगाजत परत आणायचे. मग मालकिणीने सगळ्यांना कॉफी आणि गूळ द्यायचा. नियम दोनच. चोराने पाऊस येईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आणि मालकिणीने शोधायचे नाही, विचारायचे नाही. विचारले की पाऊस अर्ध्या वाटेतून मागे फिरतो म्हणतात.

तर मित्रांनो, चोरीला जाणे हाच माझा धंदा. मी मक्याच्या कणगीत राहिलो आहे, खोगिराच्या पिशवीत राहिलो आहे. एकदा तर मला खुडूक कोंबडीखाली ठेवले होते. तिने मला अंडे समजून इतके मनापासून उबवले की परत निघताना मलाच वाईट वाटले.

पहिल्या चोरीनंतर क्वितेरियाने एक युक्ती काढली. पुढच्या वर्षी आभाळ कोरडे दिसू लागले, तेव्हा तिने खुंटी हळूच उपसून माझ्या हातावरचे पोर काढून घेतले आणि एप्रनच्या खिशात टाकले.

"पोर माझ्याजवळ," ती मला म्हणाली. "आता बघते कसा लवकर येत नाहीस ते."

त्यानंतर प्रत्येक चोरीच्या आधी ती असेच करायची. मी रिकाम्या हाताने जायचो. आणि खरे सांगतो, दर वेळी लवकर परत यायचो. मिरवणूक दारात आली की क्वितेरिया ओल्या अंगणात उभी राहून आधी पोर माझ्या हातावर बसवायची, मगच लोकांना आत घ्यायची. लोक म्हणायचे, बराउनाचा जोझे कधी फसवत नाही. मला ते ऐकून बरे वाटायचे. आता वाटते की त्या काळात पाऊसच शब्दाचा पक्का होता. थोडा उशीर करायचा, पण यायचा. श्रेय मात्र मी घ्यायचो.

मग सगळे बदलत गेले. एका वर्षात बदलले नाही, म्हणून कुणाच्या नीट लक्षातही आले नाही. आधी ओढा मे महिन्यापर्यंत वाहायचा, तो ईस्टरलाच आटू लागला. ऊन असे तापू लागले की दुपारी शेळ्या घराच्या सावलीला भिंतीशी चिकटून उभ्या राहायच्या. मातीचे घर बांधणारा पक्षी पावसाच्या दिशेला पाठ करून दार ठेवतो, त्यावरून म्हातारे अंदाज बांधायचे. तो पक्षीही चुकू लागला. आणि टेकडीवरची झाडे कोळशाच्या भट्ट्यांत गेली. त्यात माझी उंबुरानाही होती. तो धूर देव्हाऱ्यापर्यंत यायचा. त्याला तोच गोड वास असायचा, आणि मला मान फिरवता येत नव्हती.

सरकारने घरोघरी टाक्या बांधून दिल्या. पांढऱ्या घुमटासारख्या. कौलांवरचे पाणी पन्हळीतून टाकीत उतरायचे. पुढे पुढे कौलांवरूनच काही येईना, तेव्हा टाक्या रिकाम्या पडल्या आणि लोक घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहू लागले.

क्वितेरियाच्या पलीकडच्या चढावर लिंदाल्वा राहायची. वयाने पुष्कळ लहान. तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा क्वितेरियाने त्या मुलीला हातावर घेतले होते. अशा नात्याच्या बायका आमच्याकडे एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतात आणि ते नाते सख्ख्या बहिणींपेक्षा घट्ट धरतात. क्वितेरियाला मूलबाळ नव्हते, नवरा केव्हाच गेला होता. तिच्या दिवसाला माणसाचा आवाज असायचा तो लिंदाल्वाचाच.

ज्या वर्षी माझ्या दिवसापर्यंत एक थेंब पडला नाही, त्या वर्षी लिंदाल्वा सकाळीच कॉफीला आली. अंगावर शाल होती. एवढ्या उन्हात शाल. क्वितेरियाने शालीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पाठ फिरवून भांडी आपटू लागली.

"काय गं कोमाद्रे, थंडी वाजतेय का?" ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"थोडी कणकण आहे," लिंदाल्वा म्हणाली.

"मग बस जरा. मला ही कढई घासायला वेळ लागेल. घासताना मला काही ऐकू येत नाही, आधीच सांगते."

"घास, घास. चांगली घास. तळ करपलाय."

"तुझ्या जिभेसारखा."

दोघी हसल्या. कढई घासून होईपर्यंत मी शालीत होतो. पोर मात्र आदल्याच दिवशी एप्रनच्या खिशात गेले होते.

लिंदाल्वाने मला तिच्या रिकाम्या टाकीत टांगले. "इथं कोण बघायला येतंय," ती पुटपुटली. "आणि पाणी आलं की पहिल्यांदा तुझ्याच पायाला लागेल. मग मी तुला नेईन. टाकीत पाणी, तोच आपला पाऊस." तिने झाकण ठेवून तार आवळली, आणि अंधार झाला.

मित्रांनो, मी वाट पाहिली. वाट पाहणे मला नवे नव्हते. पण त्या वर्षी पाऊस आला नाही, आणि पुढच्या वर्षीही आला नाही. लिंदाल्वाच्या शेळ्यांचा आवाज एकेक करून कमी झाला. मग एके दिवशी अंगणात सामान बांधल्याचे आवाज आले. तिचा नवरा एवाल्दो साओ पावलोला बांधकामावर जाणार होता, आणि सगळे घरच त्याच्याबरोबर निघाले होते.

क्वितेरिया निरोप द्यायला आली. दोघी टाकीजवळच उभ्या होत्या. माझ्या कानांनी सगळे ऐकले.

"काही विसरू नकोस," क्वितेरिया म्हणाली.

"विसरत नाही, कोमाद्रे. एक गोष्ट मुद्दाम ठेवून चाललेय."

"ठेव की. परत यायला निमित्त पाहिजे."

याहून जास्त बोलणे नियमात बसत नव्हते. लिंदाल्वा मला घेऊन जाऊ शकत नव्हती, परत देऊ शकत नव्हती, आणि मी कुठे आहे ते सांगूही शकत नव्हती. जाताना तिने झाकणावर हात ठेवला. पत्र्यावर बोटे टेकल्याचा आवाज आला, आणि मग गाडीचा.

त्यानंतरच्या एकटेपणाविषयी काय सांगू? रिकाम्या घराच्या रिकाम्या टाकीत कोळी सुद्धा राहत नाही, कारण माश्या येत नाहीत. दिवसा सिमेंट तापायचे आणि रात्री निवायचे, एवढीच घडामोड. माझे लाकूड सुकून आक्रसले. डाव्या हाताला खुंटीचे भोक होते, तिथे मला सारखे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटायचे. देव्हाऱ्यात असताना क्वितेरियाची बडबड नकोशी व्हायची कधी कधी. आता ती पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मी काहीही दिले असते. पण माझ्याजवळ होते काय? कान तेवढे होते.

आणि मग एका रविवारी ती आलीच. धापा टाकत चढ चढली आणि टाकीच्या घुमटावर बसली. बरोबर माझ्या डोक्यावर. गावात फोनला रेंज फक्त तिथेच मिळते, हे मला तेव्हा कळले. तिला कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून ती फोन मोठ्या आवाजात लावायची.

"कोमाद्रे, कुठून बोलतेस?" फोनमधून लिंदाल्वाचा आवाज आला.

"तुझ्याच टाकीवर बसलेय. दुसरीकडे आवाज येत नाही."

लिंदाल्वा दचकली. "टाकीवर?"

"का? मोडेल असं वाटतंय का? एवढी काही मी जाड झाले नाही."

"तसं नाही गं. बस. रोज बस."

दर रविवारी हे चालले. लिंदाल्वा तिकडच्या गर्दीविषयी सांगायची, मुलगी आता तिकडच्या लोकांसारखी कशी झटक्यात बोलते ते सांगायची. क्वितेरिया टँकरच्या रांगेतली भांडणे सांगायची. शेवटी क्वितेरिया विचारायची, "तिकडे पाऊस आहे का?" आणि लिंदाल्वा म्हणायची, "नको तेवढा. तुझ्याकडे?" "इकडे नाही." माझे नाव दोघींपैकी कुणीही काढत नसे. जिने चोरले ती आणि जिचे चोरले ती माझ्याच डोक्यावर बोलत होत्या, आणि माझे पोर दोन हातांच्या अंतरावर, एप्रनच्या खिशात होते. मला हाक मारता येत नव्हती. मला इतके रडू कधी आले नव्हते, पण सुकलेल्या लाकडातून काय येणार?

पुढे एका एप्रिलमध्ये पाऊस आला. आला म्हणजे कोसळला. दोन वर्षांचे राहिलेले एकाच दुपारी फेडायला निघाल्यासारखा. झाकणावर दणादण आवाज होत होता. मी पाय सरसावून वाट पाहत होतो, पण टाकीत एक थेंब आला नाही. पाऊस थांबला, बाहेर पाणी वाहत गेल्याचा आवाज आला, आणि आत मी कोरडाच.

पुढच्या रविवारी क्वितेरिया आली ती थकलेली होती. तिने अंगण झाडून ठेवले होते, कॉफी दळून ठेवली होती, मेणबत्त्या आणल्या होत्या. ढोल वाजला नाही. शेजारी म्हणाले, संत आला नाही, म्हणजे हा पाऊस खरा नव्हे. मागे दोनदा अशा पावसाने बी कुजवले होते, त्यामुळे कुणी पेरलेही नाही. जमिनीत मुरलेली होती नव्हती ती ओल आठवड्यात उडून गेली.

"पाऊस झाला, कोमाद्रे," क्वितेरिया फोनवर म्हणाली.

लिंदाल्वाचा आवाज एकदम चढला. "झाला? माझी टाकी भरली का?"

"टाकी कशी भरेल? तुझी पन्हळ तुटून खाली पडलीय. पाणी सगळं अंगणातून वाहून गेलं. माती पण घेऊन गेलं."

"म्हणजे टाकी कोरडीच?"

"कोरडी ठणठणीत."

"मग तो पाऊस नव्हे गं," लिंदाल्वा म्हणाली. "टाकी भरली असती तर मी आले असते."

फोन बंद झाला. क्वितेरिया माझ्या डोक्यावर बसून ‘टाकी भरली असती तर’ एवढेच पुन्हा पुन्हा पुटपुटली. मग तिने घुमटावर बोटांनी टकटक केले. एकदाच. आणि उठून गेली.

दुसऱ्या सकाळी ती हातोडी, तार आणि खराटा घेऊन आली. आधी शिडीवर चढली. या वयात शिडी. मी आत लटकल्या लटकल्या जीव मुठीत धरला. तिने पन्हळ उचलून कौलांखाली तारेने आवळली. मग झाकणाची तार सोडू लागली.

"मी काही शोधत नाहीये बरं का," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला सांगत होती, वरच्याला की मला, कोण जाणे. "शोधायचं नाही, हा नियम मला माहीत आहे. टाकी झाडायची नाही असा नियम मी तरी ऐकला नाही."

झाकण सरकले. इतका उजेड मी विसरूनच गेलो होतो. खराट्याचा दांडा माझ्या पिशवीला लागला आणि मी झुलू लागलो. क्वितेरियाने पिशवी वर ओढून तोंड सोडले. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. तिने माझ्या चेहऱ्यावरची धूळ एप्रनने नाही, अंगठ्याने पुसली, तिबुर्सियो पुसायचा तशी.

"किती वाळलास रे," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या डोक्यावर बसून टँकरची गाऱ्हाणी सांगत होते."

मला वाटले, आता ही मला उराशी धरील आणि चढ उतरून घरी नेईल. तिलाही ते वाटले असावे, कारण तिने मला खरेच उराशी धरले. अंगणाबाहेर दोन पावले गेलीही. मग थांबली.

"तुला घरी नेलं, तर ती कशासाठी परत येईल?" ती मला म्हणाली. "तिकडे तिचं सगळं बस्तान बसत चाललंय. इथं तिचं म्हणून काय उरलंय? तू उरलायस."

ती परत फिरली. टाकीच्या कडेला बसून तिने एप्रनच्या खिशात हात घातला आणि पोर बाहेर काढले. खिशात राहून राहून ते गुळगुळीत झाले होते. खुंटी भोकात बसवली तर हलू लागली, कारण मी आक्रसलो होतो. तेव्हा तिने एप्रनच्या काठाचा एक दोरा उसवला आणि पोराला माझ्या हाताशी बांधले. घट्ट, दोन वेढे देऊन.

"तुला नेता येत नाही. पण याला ठेवता येतं," ती म्हणाली. "दोघं असलात की बरं."

मग तिने मला पुन्हा आकड्याला टांगले. या वेळी पिशवीचे तोंड उघडे ठेवले, आम्हाला दिसावे म्हणून. उजेडापुरती फट ठेवून झाकण लावले आणि ती गेली. उतारावर तिची पावले ऐकू येत होती. मित्रांनो, माझा हात भरला होता, पण आता तिचा देव्हारा रिकामा, खिसाही रिकामा, आणि घरी तिच्याशी बोलायला कुणी नव्हते. माझा सगळा एकटेपणा ती उचलून घेऊन गेली.

परवा दुपारी एक सर आली. कोसळली नाही, शहाण्यासारखी पडली. पन्हळीतून पाणी खळखळत आत आले, माझ्या पायांखाली साचले, आणि मी खाली पाहिले तर पाण्यात मी होतो आणि पोर होते. संध्याकाळी क्वितेरिया आली. झाकण उघडून तिने काठी बुडवून पाहिली, आणि रविवार नसताना फोन लावला.

"कोमाद्रे, तुझ्या टाकीत पाणी आलंय."

"किती?"

"वीतभर."

"वीतभर पाण्याला पाऊस म्हणायचं का गं?"

"मी कशी सांगू? टाकी तुझी, ठरवायचं तू," क्वितेरिया म्हणाली. "येऊन बघ."

"बसला तीन दिवस लागतात, कोमाद्रे."

"मग? मी कुठं पळून चाललेय?"

लिंदाल्वा हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून मी कान देऊन आहे. तुमच्याजवळ माझे एकच मागणे आहे, मित्रांनो. पाऊस पाडणे माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त हे अंगठ्याएवढे पोर आहे. मला चोरा, लपवा, मिरवा, मी तक्रार करणार नाही. पण टेकडीवरची झाडे भट्टीत घालून मग माझ्याकडे बोट दाखवू नका. एखाद्या घरचे लोक गाव सोडून गेले असतील, तर त्यांची पन्हळ तेवढी पडू देऊ नका. त्यांच्या टाकीत कोण वाट पाहत असेल, सांगता येत नाही.

पाणी वीतभरच आहे आणि रोज थोडे खाली जाते आहे. क्वितेरिया आता रोज सकाळी येऊन काठी बुडवते, ओल्या खुणेवर बोट ठेवते, आणि रस्त्याकडे बघत घुमटावर बसते. मी तिच्या खाली आहे. ढोलाचा आवाज आला, तर तिला ऐकू येणार नाही. मला येईल.